अध्यक्षबाईंचं शेवटचं वर्ष

शाळा मंडळाच्या अध्यक्षबाई गोड बोलण्यासाठी कधीच प्रसिद्ध नव्हत्या. पहिलीच्या वर्गावर त्यांनी उभी हयात काढली होती. पोरांना वाचायला शिकवता शिकवता आवाजाला जी धार चढली, ती निवृत्तीनंतरही बोथट झाली नाही. लोकांनी त्यांना मंडळावर निवडून दिलं तेही त्या धारेसाठीच. ही बाई शाळांना सुतासारखं सरळ करेल, असं जो तो म्हणत होता. सरळ करायची ती दुसऱ्याच्या पोराची शाळा, एवढं मात्र कोणी बोलून दाखवलं नव्हतं.

गावातल्या सगळ्या सरकारी शाळा या मंडळाच्या हाताखाली. वर्ष सुरू झालं तसं बाईंनी जाहीर केलं, की आपण प्रत्येक शाळेत जाणार आणि सहावीतल्या प्रत्येक पोराला एक पान मोठ्याने वाचायला लावणार. पान पाठ्यपुस्तकातलं नसेल.

"मग कुठलं, मॅडम?" उपाध्यक्षांनी हसत विचारलं. हे गृहस्थ रस्त्यांचे ठेकेदार. कोणाला कधी नाही म्हणाले नाहीत आणि कोणाचं काम कधी केलं नाही. बाई त्यांना पाठीमागे 'मधाचं बोट' म्हणायच्या. हळूहळू तोंडावरही म्हणायला लागल्या.

"माझ्या घरच्या इस्त्रीबरोबर आलेलं पत्रक आहे," बाई म्हणाल्या. "ते कोणी पाठ केलेलं नसणार."

सगळ्यात मोठी शाळा बस स्थानकामागची. तिथे हेडमास्तर होता बाईंचा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला हा माणूस घरात अजून 'बाळ' होता. आई गेल्यावर वडील त्याच्याकडेच राहायचे. बहीणभावांचं लहानपणापासून विळ्याभोपळ्याचं सख्य, पण दर रविवारी बाई वडिलांना भेटायला त्याच्या घरी जायच्या, आणि भांडल्याशिवाय चहा गोड लागत नाही असं दोघांचं ठरून गेलं होतं.

बाळच्या शाळेत त्या गेल्या तेव्हा सहावीचा वर्ग ताठ बसला होता. भिंती नुकत्या रंगवलेल्या, फळ्यावर रंगीत खडूंनी स्वागत. बाळने आधी एका मुलीला उभं केलं. वेल्डरची मुलगी. तिने पुस्तक उघडलं आणि धडा असा घडाघडा म्हटला की मागचे शिक्षक माना डोलवायला लागले. बाईंचं लक्ष तिच्या डोळ्यांकडे होतं. डोळे पानावर नव्हतेच. समोरच्या खिडकीवर होते.

"छान. आता हे वाच," म्हणत बाईंनी पत्रक पुढे केलं.

मुलगी पत्रकाकडे बघत राहिली. पहिलं अक्षर तिने उच्चारलं, दुसरं उच्चारलं, मग ओठ मिटले. वर्गात कोणीतरी खुसकन हसलं.

तिथे बाईंनी गप्प बसायला हवं होतं. पण रागाच्या भरात जीभ सुटली. राग खरं तर भावावर होता, शिक्षकांवर होता. वार बसला पोरीवर.

"ही पोपटपंची आहे. सहावीत आली आणि हिला वाचता येत नाही!"

मुलगी खाली बसली. नंतर एकेक करून इतर पोरं उठली आणि तशीच बसली. कोणी शब्दाचं पहिलं अक्षर बघून बाकीचा ठोकून द्यायचं, कोणी नुसतंच घाम पुसायचं. बाळ दारात उभा राहून पायाच्या बोटांकडे बघत होता.

बाकीच्या शाळांत जरा बरं होतं, पण फार नाही. वर्गातल्या निम्म्यापेक्षा जास्त पोरांना धड वाचता येत नव्हतं, आणि त्यांच्या प्रगतिपुस्तकांत मात्र सगळं आबादीआबाद. मधाचं बोट म्हणाले, हे आपल्यातच ठेवू या. बाईंनी दुसऱ्याच दिवशी गावातल्या पत्रकाराला बोलावून सगळं शाळावार सांगितलं. पेपरात मोठ्या मथळ्याने छापून आलं.

बाईंना वाटलं होतं, आता लोक शाळांवर तुटून पडतील. लोक तुटून पडले बाईंवर.

आमच्या पोरांची अब्रू चव्हाट्यावर मांडली, असं बायका म्हणायला लागल्या. त्यात तथ्य नव्हतं असंही नाही, कारण बस स्थानकामागच्या शाळेतल्या सहावीला सगळं गाव आता 'मुकी सहावी' म्हणत होतं. न्हाव्याच्या दुकानात बाईंचे यजमान शिरले की गप्पा बंद पडायच्या. शेजारीण फाटकाशी दिसली की हटकून तिचा फोन वाजायचा. एके दिवशी सकाळी फाटकावरच्या नावाच्या पाटीला डांबर फासलेलं सापडलं. यजमानांनी खुर्ची घेतली, चाकू घेतला आणि खरवडायला बसले. बराच वेळ खरवडून ते म्हणाले, "अगं, माल चांगला आहे. आपल्या रस्त्यावर हाच वापरला असता तर खड्डे पडले नसते."

बाईंना हसू आलं नाही. "मी खोटं बोलले का?" त्यांनी विचारलं.

"छे. खोटं बोलली असतीस तर लोकांनी माफ केलं असतं."

त्याच आठवड्यात वेल्डर घरी आला. उंच, खांदे पडलेला माणूस. हातावर ठिणग्यांचे जुने डाग. आत या म्हटलं तरी उंबऱ्याच्या आत आला नाही.

"माझी पोरगी शाळेत जात नाही," तो म्हणाला. "सकाळी पोट दुखतं म्हणते. रस्त्यात पोरं तिला पोपट म्हणतात. हा शब्द तुम्ही दिलात."

"शब्द मी दिला. वाचता न येणं मी दिलं नाही," बाई म्हणाल्या. "सहा वर्षं ती शाळेत जाते. तुम्ही एकदा तरी तिच्या हातात दुसरं पुस्तक दिलंत?"

"मला स्वतःला कुठे धड वाचता येतं!" तो ओरडला. "म्हणून तर शाळेत घातली ना! तुमच्या शाळेत! तुमच्या भावाच्या शाळेत! मास्तर म्हणाले हुशार आहे, आम्ही मान डोलवली. आम्ही काय तपासायचं?"

बाई आणखी चिडल्या. "तर मग मला कशाला बोलता? जा आणि त्याला विचारा."

"त्यांनाही विचारलं," वेल्डर म्हणाला. "ते म्हणाले, आमच्या ताईला विचारा." आणि तो फाटक आपटून निघून गेला.

पुढच्या बैठकीत बाईंनी हुकूम काढला. प्रत्येक शाळेत पहिला तास वाचनाचा. रोज. पोरांना गटागटाने बसवायचं, ज्याला जिथून येत नाही तिथून शिकवायचं. मग ते सहावीतलं पोर अ-आ-इ-ई पासून सुरू करत असलं तरी चालेल. त्या वेळात परिपत्रकं नाहीत, माहिती भरणं नाही, काही नाही. मधाचं बोट यांनी हात वर केला, कारण बाकीच्यांनी केला होता.

शिक्षक बिथरले. आम्ही काय पहिलीचे मास्तर आहोत का, असं एक विज्ञानाचे शिक्षक बाईंना बैठकीत म्हणाले. "नाही," बाई म्हणाल्या, "पहिलीच्या मास्तराला काम यावं लागतं." ते शिक्षक त्यानंतर बाईंशी कधी बोलले नाहीत.

रविवारी बाळने ताटावरूनच विषय काढला.

"ताई, तू मला गावासमोर उघडं पाडलंस."

"तू कपडेच घातले नव्हतेस त्याला मी काय करू?"

"एका वर्गात साठ पोरं आहेत! दोन शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, त्या भरा म्हणून मी तुझ्याच मंडळाकडे किती वेळा आलो? ते नाही पेपरात सांगितलंस?"

ते बाईंनी सांगितलं नव्हतं, हे खरं होतं. जागा भरायचा विषय मधाचं बोट दर बैठकीत पुढच्या बैठकीवर ढकलायचे आणि बाईंनीही तो लावून धरला नव्हता. "जागा भरेन," त्या म्हणाल्या. "पण तू पोरांना खोटे गुण का दिलेस?"

"नापास केलं तर शाळा सोडतात. पास केलं तर निदान येऊन बसतात तरी."

"आणि बसून काय करतात?"

वडील जेवता जेवता थांबले. "तुम्ही दोघं गप्प बसा," ते म्हणाले. पण बघितलं त्यांनी बाईंकडेच. लहानपणापासून असंच होतं. भांडण दोघांचं, डोळे मोठे करायचे ते थोरलीवर.

बाईंनी पुढच्या दोन महिन्यांत मंडळाशी झगडून एक जागा भरून घेतली. दुसरी नाही भरता आली. मग एके दिवशी, कोणाला न कळवता, त्या पहिल्या तासाला बाळच्या शाळेत शिरल्या. मैदानात गाणं लागलं होतं. सहावीची पोरं रांगेत उभी राहून हात वर-खाली करत होती. नव्या शिक्षिका टाळ्या वाजवून ताल धरत होत्या. वार्षिक स्नेहसंमेलनाची तालीम.

"वाचनाचा तास?" बाईंनी विचारलं.

शिक्षिका घाबरल्या. "हेडमास्तर म्हणाले, आठवडाभर राहू दे. पाहुणे येणार आहेत ना."

बाई तडक बाळच्या खोलीत गेल्या. तो पाहुण्यांसाठी खुर्च्या किती लागतील याचा हिशोब करत होता.

"आठवडाभर?" बाई म्हणाल्या.

"ताई, बस. पाणी घे."

"मी विचारलं, आठवडाभरच की सुरुवातीपासून?"

बाळने हिशोबाचा कागद बाजूला सारला. मग म्हणाला, "सुरुवातीला केला काही दिवस. शिक्षक ऐकत नाहीत. पोरांना लाज वाटते, मोठी पोरं अ-आ गिरवायला तयार नाहीत. तुला वाटतं हुकूम काढला की झालं. तू मंडळात बसतेस. इथे मी बसतो."

"मग उठ," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी सख्ख्या भावाच्या निलंबनाच्या हुकमावर सही केली. कारकून सही झालेल्या कागदाकडे आणि बाईंकडे आळीपाळीने बघत राहिला. यजमानांना त्यांनी घरी येऊन सांगितलं.

"त्याने चूक केली," ते म्हणाले. "पण तो दुसऱ्या कोणाचा भाऊ असता, तर तू त्याला आधी समज दिली असतीस."

"तो दुसऱ्या कोणाचा भाऊ असता, तर माझं इतकं डोकं फिरलंच नसतं."

रविवारी त्या नेहमीसारख्या गेल्या. दार भावजयीने उघडलं, पण पुरतं नाही. एक हात चौकटीवर, एक कडीवर.

"आबा झोपलेत," ती म्हणाली.

आतून वडिलांच्या खोकल्याचा आवाज येत होता आणि बातम्यांचाही.

"मग मी बसते थोडा वेळ."

"वन्सं," भावजय म्हणाली, "तुम्ही मोठ्या. मी तुम्हाला कधी उलटून बोलले नाही. पण माझा नवरा सकाळी उठून आंघोळ करतो, कपडे करतो आणि पलंगावर बसून राहतो. ते बघायला यायचं असेल तर या."

बाई परत फिरल्या. आतून वडिलांनी एकदाही हाक मारली नाही. पुढे त्या तिथे गेल्या नाहीत, आणि रविवारच्या दुपारी करायचं काय, हे त्यांना वर्ष संपेपर्यंत सुचलं नाही.

वर्षअखेरची जाहीर सभा बाळच्याच शाळेच्या सभागृहात भरली. अध्यक्षांनी वर्षाचा आढावा घ्यायचा, अशी पद्धत. मधाचं बोट यांनी भाषण लिहवून आणलं होतं. सभा सुरू होण्याआधी त्यांनी ते बाईंपुढे सरकवलं. पहिलंच वाक्य होतं : 'सरते वर्ष आपल्या सार्वजनिक शिक्षणासाठी अत्यंत समाधानाचे ठरले.'

"एवढं वाचा, मॅडम," ते हळूच म्हणाले. "लोक तापलेत. सदस्यही अस्वस्थ आहेत. हे वाचलंत तर मी सांभाळून घेतो. तुमचे बंधूही परत येतील, सगळं गोडीगुलाबीने होईल."

"आणि नाही वाचलं तर?"

"मग माझ्या हातात काही नाही," मधाचं बोट म्हणाले. त्यावरून सगळं त्यांच्याच हातात आहे हे बाईंना कळलं.

सभागृह गच्च भरलं होतं. शिक्षक एका बाजूला हाताची घडी घालून. मागे भिंतीला टेकून बाळ उभा होता. इतक्या महिन्यांनी बाईंनी त्याला पाहिलं. बारीक झाला होता. त्याने नजर दिली नाही.

बाई उठल्या. कागद टेबलावर तसाच राहिला.

"वर्ष कसं गेलं म्हणून विचाराल तर वाईट गेलं," त्या म्हणाल्या. "तुमची पोरं वाचू शकत नाहीत हे वर्षाच्या सुरुवातीला कळलं. ते बऱ्याच जणांना आधीपासून माहीत होतं. शिक्षकांना माहीत होतं. मुख्याध्यापकांना माहीत होतं. या टेबलाशी बसलेल्यांना माहीत नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलं नाही. शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवल्या त्या आम्ही, आणि बोट दाखवलं शाळांकडे. मीही दाखवलं. पालकांना कळलं तेव्हा पालक माझ्या फाटकाला डांबर लावायला आले. त्या डांबराच्या निम्मी मेहनत घरी पोराशेजारी बसून घेतली असती तर—"

"बसा खाली!" मागून कोणी ओरडलं. मग चहूकडून आरडाओरडा सुरू झाला. एका बाईने चप्पल दाखवली. विज्ञानाचे शिक्षक उठून उभे राहिले आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले, म्हणजे बाईंचं बोलणं ऐकू येऊ नये.

त्या गोंधळातून वेल्डर पुढे आला. त्याला बघून लोक जरा शांत झाले. त्याच्या मुलीची गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती आणि आता काय होतं ते सगळ्यांना बघायचं होतं.

"बाकीचं राहू दे," तो म्हणाला. "माझ्या पोरीला वर्गात काय बोललात, त्याची माफी मागा. इथे. सगळ्यांसमोर बोललात, सगळ्यांसमोर मागा."

बाईंनी जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती. मधाचं बोट खुर्चीत पुढे सरकले.

"ते चुकलं," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. "पोरीला तसं बोलायला नको होतं. त्या पोरीची मी माफी मागते. तिला वाचता येत नव्हतं हे मात्र खरं होतं, आणि ते मी परत बोलेन."

"बोला," वेल्डर म्हणाला. आणि जाऊन जागेवर बसला.

बाईंना वाटलं होतं तसं हलकं वगैरे काही वाटलं नाही. उलट मधाचं बोट लगेच उठले. अध्यक्षांनी स्वतःच चूक कबूल केलेली आहे, तेव्हा या पदावर त्यांनी राहणं उचित नाही, असं ते अत्यंत दुःखी चेहऱ्याने म्हणाले. ठराव तयारच होता. सदस्यांचे हात भराभर वर गेले. बाईंनी ज्यांना निवडून यायला मदत केली होती, त्यांचेही गेले. नव्या अध्यक्षांनी, म्हणजे मधाचं बोट यांनीच, तिथल्या तिथे हेडमास्तरांचं निलंबन मागे घेतलं. टाळ्या झाल्या. मग ते म्हणाले, "आणि पालकांच्या भावनांचा आदर राखून वाचनाचा तास आजपासून बंद करण्यात येत आहे."

"माझ्या भावना तुम्हाला कोणी सांगितल्या?"

वेल्डर पुन्हा उभा होता.

"मला ही बाई आवडत नाही," तो म्हणाला. "तोंड वाईट आहे, मन कसं आहे देव जाणे. पण हेडमास्तर घरी बसले तेव्हा शाळेतल्या नव्या बाईंनी माझ्या पोरीला बोलावून काही दिवस त्या तासाला बसवलं. घरी येऊन तिने मला माझ्या दुकानावरची पाटी वाचून दाखवली. पाटीवर एक अक्षर चुकलंय म्हणाली. इतकी वर्षं मला माहीत नव्हतं. तास बंद केलात तर मी उद्या या शाळेच्या फाटकाला आतून-बाहेरून वेल्डिंग करतो. मग घ्या संमेलनं."

आधी हशा पिकला. मग एक बाई म्हणाली, खरंच आहे, तास कशाला बंद? मग दुसरी. मघाशी चप्पल दाखवलेली बाईही त्यांत होती. मधाचं बोट यांनी वारा कुठून येतो ते पाहिलं.

"गैरसमज झाला," ते हसून म्हणाले. "बंद म्हणजे जुन्या स्वरूपात बंद. नव्या स्वरूपात, अधिक जोमाने! आम्ही त्याला 'वाचनझेप' असं नाव देत आहोत." त्यांना पुन्हा टाळ्या मिळाल्या.

बाई पर्स घेऊन बाहेर पडल्या. दारापाशी बाळ होता.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

"तुझं झालं ना," बाई म्हणाल्या. "मग आता काम कर."

घरी यजमानांनी चहा टाकला. "गेलं का पद?" त्यांनी विचारलं. बाईंनी मान हलवली. मग पहिल्यांदाच त्यांचे डोळे भरून आले, आणि त्या इतक्या चिडल्या की चहा न पिताच उठून गेल्या.

सुट्ट्या संपल्या. शाळा सुरू झाल्या. वाचनझेपच्या रंगीत फलकांवर मधाचं बोट यांचा हसरा फोटो लागला. बाईंना कोणी विचारलं नाही आणि त्याही कुठे गेल्या नाहीत. भावजयीचा, वडिलांचा, कोणाचाच निरोप नव्हता. दिवसभर त्या घरात कपाटं आवरायच्या. आवरलेली पुन्हा आवरायच्या.

एका दुपारी फोन वाजला. पलीकडे बाळ होता. कशी आहेस नाही, काही नाही.

"पोरगं शब्दाचं पहिलं अक्षर वाचतं आणि पुढचं मनाचं ठोकून देतं," तो म्हणाला. "काय करायचं?"

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "कोण शिकवतंय त्याला?"

"मीच. सहावीचा एक गट मी घेतलाय. माणसं नाहीत. दुसरी जागा तू भरली नाहीस."

"मला भरू दिली नाही. ते पोर शब्द ठोकून देतं तेव्हा तू काय करतोस?"

"काय करणार? बरोबर शब्द सांगतो."

"मग ते कशाला वाचेल? गाढवा, तू सांगतोस म्हणून तर ते ठोकतं. तोंड बंद ठेव. त्याला शब्दाखाली बोट ठेवायला लाव आणि थांब."

"थांबतो गं! पण किती थांबायचं? बाकीची पोरं दंगा करतात."

"करू दे. तुला घाई फार. लहानपणापासून घाई."

"आणि तुझं तोंड लहानपणापासून असंच! म्हणूनच सगळ्या गावाने तुला—"

"गावाचं राहू दे. जोडाक्षरं सुरू केलीस का?"

"केली."

"कोणी सांगितली होती इतक्यात? काना-मात्रा पक्क्या झाल्या का आधी?"

बाळने फोन आपटला. बाई हातातल्या फोनकडे बघत उभ्या राहिल्या. यजमान पेपर खाली करून म्हणाले, "कोण होतं?"

"हेडमास्तर," बाई म्हणाल्या. "काही म्हणजे काही येत नाही त्याला."

तेवढ्यात फोन परत वाजला. बाईंनी पहिल्याच घंटीला उचलला.

"झाल्यात पक्क्या," बाळ म्हणाला. "दोघांच्या सोडून. पुढे बोल."